अ‍ॅपची रिपेअरिंग की रिडेव्हलपमेंट? एका रात्रीत बदललेल्या डायलरच्या निमित्ताने

ऑगस्ट २०२५ आठवतोय? सकाळी उठून फोन हातात घेतला आणि डायलर ओळखूच येईना, असं लाखो लोकांचं झालं होतं. कॉल आला की बोट वर सरकवायची सवय. आता ते आडवं सरकवायचं. ‘फेव्हरिट्स’ आणि ‘रिसेंट्स’ हे वेगवेगळे टॅब जाऊन एकच ‘होम’ आला. कॉन्टॅक्ट्स बाजूच्या मेनूत जाऊन बसले. सगळ्यात जास्त गोंधळ एकाच गोष्टीचा होता: “मी तर काहीच अपडेट केलं नाही, मग हे बदललं कसं?” काहींना फोन हॅक झाल्याची शंका आली. मीम्सचा पाऊस पडला.

डायलरचा विषय तेव्हाच चघळून झाला. पण त्यामागचा प्रश्न आपण वापरतो त्या प्रत्येक अ‍ॅपला लागू होतो आणि तो पुन्हा पुन्हा आपल्यासमोर येणार आहे. एखादी चालू, लोकांच्या हातात बसलेली गोष्ट सुधारायची असेल, तर ती थोडी-थोडी बदलायची की एकदाच पाडून नवी उभी करायची? मी स्वतः अ‍ॅप बनवतो आणि या प्रश्नाचं चुकीचं उत्तर एकदा दिलेलं आहे. तो किस्सा पुढे सांगतोच.

आधी डायलरचं कोडं सोडवू

मोटोरोला, वनप्लस, रिअलमी अशा अनेक कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये कॉलसाठी गूगलचंच ‘फोन’ अ‍ॅप आधीपासून असतं. गूगलने मे २०२५ मध्ये ‘मटेरियल ३ एक्सप्रेसिव्ह’ नावाची नवी डिझाइन पद्धत जाहीर केली. मोठी बटणं, गोलाकार आकार, भडक रंग. तीच पद्धत एकेक करून गूगलच्या अ‍ॅप्सना लावली गेली, त्यात फोन अ‍ॅपचाही नंबर लागला.

आता ‘मी अपडेट केलंच नाही’ याचं उत्तर. प्ले स्टोअर बहुतेकांच्या फोनमध्ये आपोआप अपडेट करत असतं, हे एक. दुसरं जास्त महत्त्वाचं. आजकाल नवं डिझाइन अ‍ॅपच्या कोडमध्ये आधीच येऊन पडलेलं असतं, फक्त झाकलेलं असतं. कंपनीच्या सर्व्हरवर एक स्विच असतो. तो चालू केला की तुमच्या फोनमधलं अ‍ॅप तेच राहतं, पण चेहरा बदलतो. आम्ही इंजिनिअर लोक याला ‘फीचर फ्लॅग’ म्हणतो. याचा फायदा असा की आधी एक टक्का लोकांना नवं रूप दाखवता येतं, काही बिघडलं तर स्विच बंद करता येतो. तोटा असा की वापरणाऱ्याला कुणी विचारत नाही.

गूगलने ही डिझाइन पद्धत झोपेत काढलेली नव्हती. १८,००० हून जास्त लोकांना घेऊन ४६ अभ्यास केल्याचं त्यांनी सांगितलं होतं. तरीही लोक वैतागले. का? माझं मत असं: अशा चाचण्यांमध्ये माणसाला स्क्रीन दाखवतात आणि बटण किती पटकन सापडतं ते बघतात. पण कॉल उचलताना आपण बटण शोधत नाही. बोट आपोआप जातं. नवं डिझाइन कदाचित खरंच चांगलं असेल, पण ज्या क्षणी बोट जुन्या जागी जातं आणि काहीच होत नाही, तो क्षण कुठल्याच चाचणीत पकडणं अवघड असतं.

रिपेअरिंग आणि रिडेव्हलपमेंट

पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना हे समजायला सोपं आहे. तुमची सोसायटी चाळीस वर्षं जुनी आहे. पर्याय दोन. एक, गळकी गच्ची वॉटरप्रूफ करा, पाइप बदला, रंग काढा, आणि दर दोन वर्षांनी हेच करत राहा. दुसरा, बिल्डर आणा, बिल्डिंग पाडा, नवी बांधा.

रिपेअरिंगमध्ये कुणालाही घर सोडावं लागत नाही. पण पाया खचला असेल तर रंग काढून काय उपयोग? रिडेव्हलपमेंटमध्ये लिफ्ट मिळते, पार्किंग मिळतं. पण कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसून बघा, पहिला प्रश्न लिफ्टचा नसतो. पहिला प्रश्न असतो, “तोपर्यंत आम्ही राहायचं कुठे?” म्हणून तर बिल्डरला भाडं द्यावं लागतं, करार करावा लागतो.

सॉफ्टवेअरमध्ये बऱ्याच कंपन्या हाच प्रश्न विचारायला विसरतात. आणि माझ्या मते मोठे बदल फसतात ते बहुतेक वेळा इथेच. नवी बिल्डिंग वाईट असते असं नाही. मधल्या काळात राहायची सोय नसते आणि जुन्या घरात परत जायचा रस्ता बंद केलेला असतो.

सोनोस: पाडलं आधी, बांधलं नंतर

अलीकडचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे सोनोस. घरभर वायफायवर चालणारे महागडे स्पीकर बनवणारी ही अमेरिकन कंपनी. त्यांचं जुनं अ‍ॅप वर्षानुवर्षं ठिगळं लावत मोठं झालेलं होतं. त्यात नवं काही घालणं दिवसेंदिवस अवघड जात होतं, म्हणून त्यांनी ते पूर्ण नव्याने लिहिलं आणि ७ मे २०२४ ला सगळ्यांना दिलं.

नव्या अ‍ॅपमध्ये अलार्म लावायची सोय नव्हती. स्लीप टायमर नव्हता. स्वतःकडच्या गाण्यांच्या संग्रहात शोधता येत नव्हतं. स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सुविधेवर अवलंबून असलेल्या अंध यूजर्सचे तर फारच हाल झाले. विचार करा, स्पीकर तोच, पैसे भरून घेतलेला, काल चालत होता आणि आज त्यावर अलार्म लागत नाही.

जुलैमध्ये सीईओ पॅट्रिक स्पेन्स यांनी जाहीर माफी मागितली. ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितलं की हे निस्तरायला दोन ते तीन कोटी डॉलर लागतील आणि दोन नवी प्रॉडक्ट्स पुढे ढकलली. त्याच महिन्यात सुमारे १०० लोकांच्या नोकऱ्या गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये स्पेन्स यांनाही पद सोडावं लागलं.

लोकांची मागणी साधी होती: जुनं अ‍ॅप परत द्या. कंपनीने तसा विचार केलासुद्धा. पण चाचणी केल्यावर लक्षात आलं की जुनं अ‍ॅप परत आणलं तर गोष्टी आणखी बिघडतील. कारण मधल्या काळात फक्त अ‍ॅप बदललं नव्हतं, स्पीकरच्या आतलं सॉफ्टवेअर आणि सर्व्हरही बदलले होते. जुनी बिल्डिंग नुसती पाडली नव्हती, तिच्या पाण्याच्या लाइनीही काढून टाकल्या होत्या.

आपल्याकडचा अनुभव: इन्कम टॅक्स पोर्टल

हे फक्त अमेरिकेत होतं असं नाही. २०२१ मध्ये आयकर विभागाने ई-फायलिंगचं पोर्टल पूर्ण नवं केलं. काम इन्फोसिसकडे होतं. १ ते ६ जून जुनं पोर्टल बंद ठेवलं आणि ७ जूनला नवं सुरू झालं. पहिल्या दिवसापासून तक्रारी सुरू झाल्या आणि अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ट्विटरवर इन्फोसिस आणि नंदन नीलेकणी यांना टॅग करून जाहीरपणे विचारणा केली. ऑगस्टमध्ये पोर्टल सलग दोन दिवस बंद पडल्यावर इन्फोसिसचे सीईओ सलील पारेख यांना मंत्रालयात बोलावून घेतलं गेलं. रिटर्न भरायची मुदत शेवटी ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. हे नवं पोर्टल करण्यामागचा हेतू चुकीचा नव्हता. रिटर्नची प्रक्रिया वेगाने व्हावी, रिफंड लवकर मिळावा म्हणून ते केलं होतं आणि आज रिटर्न भरणाऱ्यांना तो फरक जाणवतो. पण त्या वर्षी ज्या सीएच्या ऑफिसात लोक रात्री जागून लॉगिन करायचा प्रयत्न करत होते, त्यांच्यासाठी दुसरा दरवाजाच नव्हता. नवं चालत नसेल तर तात्पुरतं जुन्यावर जा, असं सांगायची सोय नव्हती.

आता माझा किस्सा

मी आधी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही छोट्या दुकानदारांसाठी बिलिंगचं अ‍ॅप बनवायचो. जुना कोड इतका गुंतागुंतीचा झाला होता की जीएसटीचा एक रकाना बदलायला आठवडा लागायचा. आम्ही चार-पाच जण, सगळे पंचविशीतले. ठरवलं की हे सगळं नव्याने लिहू. नऊ महिने लागले. नवं अ‍ॅप सुंदर होतं, वेगवान होतं, आम्हाला त्याचा प्रचंड अभिमान होता. एका सोमवारी सगळ्यांना एकदम देऊन टाकलं.

दुपारपर्यंत सपोर्टचे फोन थांबेनात. बारामतीजवळच्या एका दुकानदारांचा फोन मीच घेतला. “अहो साहेब, गिऱ्हाईक समोर उभंय आणि माझं बिल गायब होतंय. तीनदा झालं.” मी म्हटलं, “काका, सेव्ह बटण आता वर आहे.” ते म्हणाले, “मी बटण बघत नाही हो, मी गिऱ्हाइकाकडे बघतो.”

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जुन्या अ‍ॅपमध्ये उजवीकडे खाली ‘सेव्ह’ होतं. नव्यात त्याच जागी आम्ही ‘नवीन बिल’ ठेवलं होतं. काकांचा अंगठा सात वर्षांच्या सवयीने तिथेच जात होता आणि केलेलं बिल पुसलं जात होतं. आम्ही बटणाचा रंग, आकार, सावली यावर तासन्‌तास वाद घातले होते. त्या अंगठ्याचा विचार कुणीच केला नव्हता.

लगेच जुनं अ‍ॅप परत द्यायचं ठरवलं, तर तेही जमेना. आम्ही डेटाबेसची रचना बदलली होती. नव्या अ‍ॅपमध्ये झालेली बिलं जुन्या अ‍ॅपला वाचताच येत नव्हती. परत जायचा रस्ता तयार करायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत बरेच दुकानदार वहीवर परत गेले. काही कायमचे. ते काकाही त्यातलेच.

मग थोडं-थोडंच बरं का?

इतकं वाचून वाटेल की मोठा बदल करूच नये. पण थोडं-थोडं सुधारण्याचेही स्वतःचे आजार आहेत.

विंडोजच बघा. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने सेटिंग्जसाठी नवी स्क्रीन आणली आणि जुनं ‘कंट्रोल पॅनल’ हळूहळू तिकडे हलवायचं ठरवलं. आज विंडोज ११ मध्येही दोन्ही शेजारी शेजारी नांदतात. एखादी सेटिंग शोधताना नव्या स्क्रीनवरून अचानक वीस वर्षांपूर्वीच्या चौकटीत जाऊन पडतो. प्रत्येक पाऊल सुरक्षित होतं, पण प्रवास संपलाच नाही.

दुसरं म्हणजे, लोक ओरडले म्हणजे बदल चुकीचाच असतो असंही नाही. २००६ मध्ये फेसबुकने ‘न्यूज फीड’ आणली. त्याआधी मित्राचं काय चाललंय हे बघायला त्याच्या प्रोफाइलवर जावं लागायचं. फीड आल्यावर लाखो लोक विरोधातल्या ग्रुपमध्ये सामील झाले, तेही फेसबुकवरच. मार्क झुकरबर्ग यांनी माफी मागितली, काही दिवसांत प्रायव्हसीची बटणं दिली, पण फीड मागे घेतली नाही. आज फीड नसलेलं सोशल मीडिया अ‍ॅप शोधून दाखवा.

म्हणजे नुसत्या आरडाओरड्यावरून निकाल लावता येत नाही. फीडच्या वेळी लोकांचं जुनं काही काढून घेतलं नव्हतं. प्रोफाइल तिथेच होतं, मेसेज तिथेच होते. राग होता तो आपलं सगळं इतरांना एकदम दिसतंय याचा, आणि तो राग कमी करायला बटणं देता आली. सोनोसच्या वेळी मात्र हातातलं काढून घेतलं होतं. कुठल्याही रीडिझाइनवर मत बनवताना हा फरक आधी बघायला हवा: लोकांना नवं आवडलं नाही की जुनं काम थांबलं?

वडाचं झाड आणि यूपीआय

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरा रस्ता आहे आणि तो जुनाच आहे. गावाकडे तुम्ही बघितलं असेल, पक्ष्याच्या विष्ठेतून वडाचं किंवा पिंपळाचं बी एखाद्या झाडावर पडतं. रोप वरच रुजतं, मुळं खाली सोडतं आणि वर्षानुवर्षं त्या झाडाला वेढत जातं. शेवटी वड स्वतःच्या पायावर उभा असतो आणि आतलं झाड उरलेलं नसतं. ऑस्ट्रेलियातली अशीच झाडं बघून मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअर लेखकाने २००४ मध्ये या पद्धतीला त्या झाडाचंच नाव दिलं. जुनी सिस्टिम चालू ठेवायची, तिच्याभोवती नवी उभी करायची, एकेक काम नव्याकडे सोपवायचं आणि शेवटी जुनं बंद करायचं. बदल पूर्ण होतो, पण कुणालाही एका रात्रीत घर सोडावं लागत नाही.

नव्या गोष्टीने जुन्यावर उभं राहायचं, हा विचार आपण रोज वापरतो. यूपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हा बँकांच्या सिस्टिम पाडल्या गेल्या नाहीत. २०१० पासून चालत असलेल्या आयएमपीएसच्या पायावर वरचा मजला चढवला. पुढे २०१८ मध्ये यूपीआय २.० आलं, २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आणि छोट्या रकमांसाठी यूपीआय लाइट आलं. इतकं सगळं होऊनही चहाच्या टपरीवर स्कॅन करून पैसे द्यायची पद्धत तीच राहिली. आत बरंच काही बदललं आणि टपरीवाल्याला काहीच नव्याने शिकावं लागलं नाही.

ठरवायचं कसं?

नव्या कंपनीत मोठा बदल करायची वेळ आली की आम्ही आता तीन प्रश्न विचारतो.

१. अडचण आत आहे की बाहेर? कोड सडला असेल तर कोड बदला, पण त्यासाठी बटणांच्या जागा बदलायची गरज नसते. आम्ही दुकानदारांच्या अ‍ॅपमध्ये हीच गल्लत केली. आतलं दुखणं होतं आणि ऑपरेशन चेहऱ्याचंही केलं.

२. जुनी कामं पहिल्या दिवशी सगळी होतात का? नवं अ‍ॅप जुन्यापेक्षा दहा गोष्टी जास्त करत असेल आणि एक कमी, तर ती एक गोष्ट रोज करणाऱ्यासाठी अ‍ॅप बंदच पडलेलं असतं.

३. उद्या सकाळी परत जाता येईल का? नसेल, तर बदल छोटा असो की मोठा, तो जुगार आहे. डेटा दोन्ही बाजूंना वाचता आला पाहिजे. काही महिने दोन्ही सांभाळायचा खर्च येतो, मान्य. रिडेव्हलपमेंटमध्ये बिल्डर देतो ते भाडं हेच.

या तिन्हींची उत्तरं नीट असतील तर खुशाल मोठा बदल करा. पाया खचलेल्या बिल्डिंगला रंग काढत बसणं ही पण फसवणूकच आहे.

तुमच्या हातात काय आहे?

वापरणारे म्हणून आपण अगदीच हतबल नाही. गूगल फोन अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ‘इनकमिंग कॉल जेश्चर’ असा पर्याय आहे. तिथे बोट आडवं सरकवायचं की नुसतं टॅप करायचं ते निवडता येतं. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनमध्ये टॅप लावून द्या, बरंच सोपं जातं. अ‍ॅप इन्फोमध्ये जाऊन ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ केलं की फोनसोबत आलेली जुनी आवृत्ती परत मिळते, आणि प्ले स्टोअरमध्ये त्या अ‍ॅपचं ऑटो-अपडेट बंद करता येतं. पण हे कायमचं करू नका. अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्याही येतात, त्या चुकवणं महागात पडू शकतं.

आणि रिव्ह्यू लिहाल तेव्हा ‘बकवास अपडेट’ एवढंच लिहून थांबू नका. आधी काय करता येत होतं आणि आता काय करता येत नाही, ते एका ओळीत लिहा. पलीकडे बसलेल्या आमच्यासारख्यांना ‘बकवास’वरून काही दुरुस्त करता येत नाही. ‘सेव्हच्या जागी नवीन बिल आलंय’ यावरून त्याच दिवशी करता येतं.